‘ताई, टॅक्स कमी होईल का?’ : थकबाकीची नोटीस आलेल्या धंदेवाल्यांसाठी चार शब्द

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याची भाषा आहे तशीच ठेवली आहे.)

डिंभ्यातून बोलतेय. मागून गाड्यांचा आवाज आला तर समजून घ्या, भीमाशंकरचा रस्ता जवळ आहे आणि त्याला सुट्टी नसते.

मी या भागातल्या छोट्या धंदेवाल्यांचे हिशेब आणि रिटर्न बघते. पिकअपवाले, जेसीबीवाले, भीमाशंकर रोडचे हॉटेलवाले, मोबाईल रिपेअरिंगवाले, लग्नाचे फोटो काढणारे, नारायणगावच्या मार्केटला टोमॅटो पोचवणारे. तुमच्या व्हॉइस नोट्समध्ये एक प्रश्न सारखा येतो. ‘ताई, टॅक्सची नोटीस आलीये. साहेबांशी बोलून कमी होईल का?’

आजचा भाग या एका प्रश्नावर. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. टेबलापलीकडच्या साहेबांना तुमचा टॅक्स कमी करायचा अधिकारच नाही. पण आकडा चुकला असेल तर तो दुरुस्त होतो, वसुली थांबवता येते, हप्ते पाडून मिळतात, व्याज आणि दंड कधीकधी माफ होतो. म्हणजे बोलणी होतात. फक्त ती कशावर होतात आणि कुठल्या क्रमानं, हे माहीत पाहिजे. बहुतेक लोक शेवटची गोष्ट सगळ्यात आधी मागतात आणि हात हलवत परत येतात.

आजोबांच्या वेळचे शब्द

घरात कुणी जुनं माणूस असेल तर विचारा. दुष्काळ पडला, गावाची पैसेवारी ५० पैशांच्या खाली गेली, की शेतसाऱ्याचं काय व्हायचं? ते दोन शब्द सांगतील. तहकुबी आणि सूट. तहकुबी म्हणजे ‘आत्ता नको, पुढे भर’. सूट म्हणजे ‘भरूच नको’. महसूल खात्याचे हे शब्द आपल्या गावांना पिढ्यान् पिढ्या पाठ आहेत. इन्कम टॅक्स आणि जीएसटीला हेच शब्द लावून बघा, सगळं सोपं होतं. फक्त त्यांच्या आधी एक आणि मध्ये एक शब्द घाला. दुरुस्ती, तहकुबी, हप्ते, सूट. याच क्रमानं.

पहिला शब्द : दुरुस्ती

नोटीस आली की पहिलं काम, ती खरी आहे का ते बघणं. १ ऑक्टोबर २०१९ पासून इन्कम टॅक्सच्या पत्रावर डीआयएन नावाचा नंबर असतो. तो नंबर इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर टाकून पत्र खरं आहे का ते लॉगिन न करताही तपासता येतं. व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली, खाली क्यूआर कोड आहे, ‘आजच भरा नाहीतर अटक’ असं लिहिलंय, तर थांबा. टॅक्स क्यूआर कोड पाठवून मागत नाहीत.

पत्र खरं निघालं तर पोर्टलवर लॉगिन करा. ‘पेंडिंग ॲक्शन्स’मध्ये ‘रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड’ असं पान आहे. तिथं कुठल्या वर्षाची, किती मागणी आहे ते दिसतं. मान्य आहे, किंवा पूर्ण अमान्य, किंवा थोडी अमान्य, असं उत्तर देता येतं. हे उत्तर म्हणजे तुमच्या बोलणीचं पहिलं वाक्य. ते रिकामं सोडू नका.

आता आकडा कसा चुकतो? आपल्याकडे मुख्यतः तीन प्रकारे.

एक, टीडीएस. तुम्ही कंपनीची डिलिव्हरी केली, कंपनीनं पैसे देताना टीडीएस कापला, पण भरलाच नाही किंवा चुकीच्या पॅनवर भरला. मग खातं तुमच्याकडे मागतं. कायद्याचं कलम २०५ म्हणतं, कापलेला टॅक्स पुन्हा तुमच्याकडून थेट वसूल करायचा नाही. पण कापला हे दाखवायला तुमच्याकडे कागद हवा. बिल, पेमेंटची पावती, बँकेची नोंद. म्हणून सांगते, पाचशे रुपये कापले तरी पावती जपा.

दोन, चलन. टॅक्स भरलाय, पण वर्ष चुकीचं निवडलंय, नाहीतर प्रकार चुकीचा. मागणीचे पैसे भरताना ‘रेग्युलर असेसमेंट’ म्हणजे ४०० हा कोड लागतो. सवयीनं ३०० टाकला तर पैसे सरकारकडे जातात आणि मागणी तिथंच बसून राहते.

तीन, रिटर्नच भरलेला नाही. इथं आपल्या भागातला एक मोठा गैरसमज आहे. ‘आम्ही शेतकरी, आम्हाला टॅक्स नाही.’ शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही, बरोबर. पण तुमच्या पिकअपनं दुसऱ्याचा टोमॅटो नारायणगावला नेला, तर ते भाडं शेतीचं उत्पन्न नाही, धंद्याचं आहे. दुसरा गैरसमज, ‘आदिवासींना इन्कम टॅक्स नाही.’ ती सवलत ईशान्य भारतातल्या ठरावीक भागांत आणि लडाखमध्ये राहणाऱ्या अनुसूचित जमातींसाठी आहे. आपल्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी बांधवांना ती लागू नाही. हे कडू आहे, पण आज ऐकलेलं बरं.

गोड भाग असा की कायद्यात छोट्या माणसासाठी सोय आहे. पिकअपसारखी मालवाहू गाडी असेल तर कलम ४४ एई. दहापर्यंत गाड्या, आणि अशा हलक्या गाडीमागे महिन्याला ७,५०० रुपये उत्पन्न धरायचं. एक गाडी वर्षभर असेल तर ९०,०००. खरं उत्पन्न जास्त असेल तर जास्त दाखवायचं. दुकान, हॉटेल यांना कलम ४४ एडी. दोन कोटींपर्यंत उलाढाल, नफा ८ टक्के धरायचा, बँकेतून किंवा यूपीआयनं आलेल्या रकमेवर ६ टक्के. मात्र कमिशन किंवा दलालीवर चालणाऱ्यांना ४४ एडी चालत नाही. मार्केटमधल्या आडतीवाल्या पोरांनो, हे लक्षात ठेवा.

नाही भरला रिटर्न, तर अधिकारी बँकेतली जमा बघून आपल्या अंदाजानं आकडा धरू शकतात, आणि तो अंदाज तुमच्या डिझेलचा, टायरचा, ड्रायव्हरच्या पगाराचा विचार करेलच असं नाही. म्हणून मागणीच्या आधी विचारणा करणारी जी नोटीस येते, तिला उत्तर देणं हीच सगळ्यात स्वस्त बोलणी. तिथं कागद दिला तर गोष्ट तिथंच मिटू शकते.

साधी, कागदावर दिसणारी चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज करा, कलम १५४. आदेश ज्या आर्थिक वर्षात निघाला ते संपल्यापासून चार वर्षांपर्यंत मुदत असते. चूक वादाची असेल तर अपील. त्याला मुदत फक्त ३० दिवस. अपिलाची फी उत्पन्नाप्रमाणे २५०, ५०० किंवा १,००० रुपये. म्हणजे फीमुळे कुणाचं अडत नाही, तारखेमुळे अडतं.

दुसरा शब्द : तहकुबी

अपील केलं म्हणजे वसुली आपोआप थांबत नाही. हे फार जणांना माहीत नसतं. ‘मी अपिलात गेलोय, आता निवांत’ असं म्हणून बसतात आणि एक दिवस बँकेचं खातं गोठतं. अपील वेगळं, तहकुबीचा अर्ज वेगळा. कलम २२०(६) खाली अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, की अपिलाचा निकाल लागेपर्यंत वसुली थांबवा. खात्याची २०१७ पासूनची सर्वसाधारण रीत अशी की वादातल्या मागणीच्या २० टक्के भरा, बाकीला थांबा मिळतो. अधिकारी परिस्थिती बघून त्यापेक्षा कमी किंवा जास्तही सांगू शकतात. म्हणजे एक लाखाची मागणी असेल तर बोलणी वीस हजारांपासून सुरू होते, एक लाखापासून नाही.

आणि भीतीचं एक सांगून ठेवते. वसुली म्हणजे घरातलं सगळं उचलून नेणं नाही. दिवाणी कायद्यानं ज्यावर जप्ती येत नाही, त्यावर इन्कम टॅक्सचीही येत नाही. कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची औजारं, बैल, बियाणं यांना संरक्षण आहे. बँक खात्याला मात्र नाही. म्हणून खातं गोठायच्या आत बोला.

तिसरा शब्द : हप्ते

आता समजा आकडा बरोबर आहे. वादच नाही. फक्त खिशात पैसे नाहीत. टोमॅटो कोसळला, गाडीचं इंजिन बसलं, घरात दवाखाना झाला. मग काय?

कलम २२०(३). मागणीची नोटीस मिळाल्यापासून साधारण ३० दिवस भरायला असतात. ते ३० दिवस संपायच्या आत अर्ज केला तर अधिकारी मुदत वाढवू शकतात किंवा हप्ते पाडून देऊ शकतात. ठरलेले हप्ते वेळेवर गेले तर तुम्ही थकबाकीदार धरले जात नाही. तीस दिवस उलटून गेले असतील तरी अर्ज कराच, पण मग तुमची बाजू जरा ढिली होते.

हिशेब बघा. ६०,००० ची मागणी. काहीच न करता तीन वर्षं बसलात. व्याज महिन्याला १ टक्का, छत्तीस महिन्यांचे २१,६००. झाले ८१,६००. शिवाय दंडाची टांगती तलवार. तेच पाच-पाच हजारांचे बारा हप्ते केले, तर व्याज उरलेल्या रकमेवरच लागतं, सगळं मिळून चार हजारांच्या आत. गप्प बसायची किंमत इथं सतरा-अठरा हजार आहे. पिकअपचे टायर येतात त्यात.

अर्जात काय लिहायचं? मराठीत लिहिलंत तरी मुद्दे हेच. तुमचा पॅन, कुठलं वर्ष, नोटिशीचा डीआयएन. ‘मागणी मला मान्य आहे’ हे स्पष्ट वाक्य. अडचण काय आणि तिचा पुरावा काय, म्हणजे दवाखान्याचं बिल, गॅरेजचं बिल, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. मग तुमचा प्रस्ताव, किती हप्ते, कुठल्या तारखेला, शेवटचा कधी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, अर्जासोबत पहिल्या हप्त्याचं चलन जोडा. ‘देईन’ म्हणणारे खूप असतात. ‘दिलाय, हा घ्या’ म्हणणारा वेगळा दिसतो. झेपेल तेवढाच हप्ता लिहा. श्रावणात भीमाशंकरला गर्दी असते, हॉटेलचा गल्ला तेव्हा भरतो, तर मोठे हप्ते त्या महिन्यांनंतर टाका. मोकळ्या महिन्यांत लहान टाका. तुमच्या धंद्याचा हंगाम तुम्हीच सांगायचा, तो पुण्यात बसलेल्या माणसाला माहीत नसतो.

जीएसटीवाल्यांसाठी नियम वेगळे. तिथं फॉर्म डीआरसी-२०. जास्तीत जास्त २४ मासिक हप्ते, व्याजासह. रक्कम २५,००० पेक्षा कमी असेल तर हप्ते नाहीत. एक हप्ता चुकला की उरलेली सगळी रक्कम एकदम देय. आणि तुम्ही स्वतः रिटर्नमध्ये दाखवलेल्या टॅक्सला हे हप्ते मिळतच नाहीत. का? कारण तो गिऱ्हाइकाकडून घेतलेला पैसा आहे, तुमचा नाहीच, असा कायद्याचा विचार. व्याज वर्षाला १८ टक्के. जीएसटीच्या पैशावर गाडीचा हप्ता फिरवणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

जीएसटीच्या आदेशावर अपील करायचं तर तीन महिने, आणि वादातल्या टॅक्सच्या १० टक्के आधी भरावे लागतात. नंबर रद्द झाला असेल तर तो आदेश मिळाल्यापासून ९० दिवसांत परत चालू करायचा अर्ज करता येतो, राहिलेले रिटर्न भरून.

चौथा शब्द : सूट

आता तुमचा आवडता शब्द.

यूट्यूबवर अमेरिकेतल्या जाहिराती दिसतात. ‘टॅक्सचं कर्ज थोडक्यात मिटवा.’ तिकडच्या कायद्यात एकेका माणसाशी तडजोड करायची सोय आहे. आपल्याकडे इन्कम टॅक्सचा सेटलमेंट कमिशन होता, १९७६ पासून. तो १ फेब्रुवारी २०२१ पासून बंद झाला. छोट्यांसाठी आता वाद निवारण समिती आहे. रिटर्नमधलं उत्पन्न ५० लाखांपर्यंत आणि वादातली वाढ १० लाखांपर्यंत असेल तर तिच्याकडे ऑनलाइन जाता येतं. ती दंड कमी किंवा माफ करू शकते. पण मूळ टॅक्स ‘चला, निम्म्यात मिटवू’ असं तिथंही नाही.

थकलेल्या मागणीवरचं व्याज कमी करायला कलम २२०(२ए) आहे. तीन अटी, तिन्ही एकदम लागतात. व्याज भरणं खरोखर जड आहे, उशीर तुमच्या हाताबाहेरच्या कारणानं झाला, आणि चौकशीत-वसुलीत तुम्ही सहकार्य केलं. ही तिसरी अट ऐका. पत्रांना उत्तर दिलेल्या माणसालाच ही दारं उघडतात.

मग मोठी सूट कधी मिळते? जेव्हा सरकार सगळ्यांसाठी योजना काढतं तेव्हा. महाराष्ट्रानं व्हॅटच्या काळातल्या, म्हणजे ३० जून २०१७ पर्यंतच्या थकबाकीसाठी अभय योजना काढल्या. २०२३ च्या योजनेत वर्षाची थकबाकी २ लाखांपर्यंत असेल तर पूर्ण माफ, आणि ५० लाखांपर्यंत असेल तर २० टक्के भरून मोकळं, अशी तरतूद होती. केंद्रानं १३ फेब्रुवारी २०२४ च्या आदेशानं इन्कम टॅक्सच्या जुन्या बारीक मागण्या काढून टाकल्या. करनिर्धारण वर्ष २०१०-११ पर्यंतच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या, आणि २०११-१२ ते २०१५-१६ च्या १०,००० पर्यंतच्या, एका माणसामागे एक लाखाच्या मर्यादेत. जीएसटीत २०१७-१८ ते २०१९-२० या तीन वर्षांच्या ठरावीक मागण्यांवर मूळ टॅक्स ३१ मार्च २०२५ पर्यंत पूर्ण भरला तर व्याज आणि दंड माफ, अशी योजना होती.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. कुणाच्याही ओळखीनं मिळालेली नाही. जुलै २०२५ मधलं बेंगळुरू आठवा. यूपीआयवर आलेली जमा बघून कर्नाटकच्या खात्यानं छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा काढल्या. त्यात दूध, भाजी विकणारेही होते, ज्या मालावर जीएसटीच नाही. दुकानदार संघटनेनं एकत्र आले, क्यूआर कोड काढून टाकले, बंदची हाक दिली. मग मुख्यमंत्र्यांनी बैठक घेऊन सांगितलं, जुनी वसुली करणार नाही, पण पुढे नोंदणी करा. एकेकट्यानं खात्यात जाऊन हे मिळालं असतं का?

म्हणून माझं म्हणणं असं. दुरुस्ती, तहकुबी आणि हप्ते ही एकट्या माणसाची बोलणी आहे, ती तुम्ही स्वतः करायची. सूट ही सगळ्यांची मिळून बोलणी आहे, ती संघटनेनं, आमदार-खासदारांकडे, बजेटच्या आधी करायची. योजना येईल म्हणून नुसतं थांबायचं असेल तर व्याजाचं मीटर चालू ठेवून थांबताय हे लक्षात ठेवा. आणि योजना आली तरी तिचा फायदा कागद जपलेल्यालाच होतो.

‘मिटवून देतो’ म्हणणाऱ्यांबद्दल

शेवटचं. नोटिशीची बातमी फुटली की एखादा माणूस भेटतो. ‘वर ओळख आहे. तीस हजार दे, मिटवून टाकतो.’ त्याला तीन प्रश्न विचारा. कुठल्या कलमाखाली अर्ज करणार? अर्जाची पोचपावती मला मिळेल का? पैसे सरकारी चलनानंच जातील ना, माझ्या नावावर? खरा कर सल्लागार तिन्हीची उत्तरं देतो आणि त्याच्या फीची पावतीही देतो. दुसरा माणूस विषय बदलतो. पैसे त्याच्याकडे जातात, मागणी तुमच्या पॅनवर तशीच राहते. आणि तुमचा पासवर्ड, ओटीपी कुणालाही नाही. सल्लागारालाही ओटीपी देताना आपण शेजारी बसलेलो असावं.

एक बारीक सूचना. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ चा, लागू होतोय. त्यात कलमांचे नंबर बदललेत. मी आज सांगितलेले नंबर १९६१ च्या कायद्याचे आहेत, जुन्या वर्षांच्या मागण्यांसाठी तेच बघायचे. नंबर विसरलात तरी चालेल, शब्द विसरू नका. दुरुस्ती, तहकुबी, हप्ते, सूट.

आज रात्री एवढंच करा. फोनवर इन्कम टॅक्सचं पोर्टल उघडा आणि थकीत मागणीचं पान बघा. काही नसेल तर निवांत झोपा. काही असेल तर नोटिशीवरची तारीख आधी वहीत लिहा, आणि तिच्यापुढे ३० दिवस मोजा.

पुढच्या भागात हॉटेलवाल्यांसाठी जीएसटीची कंपोझिशन योजना, ५ टक्के भरून मोकळं व्हायचं की नेहमीचा जीएसटी बरा, ते बघू. तुमचे प्रश्न व्हॉइस नोटनं पाठवा. नाव, पॅन, नोटिशीचा फोटो पाठवू नका, फक्त प्रश्न. भेटू.